शिडी घाटावरून माघार

भीमाशंकरास मोटारीनें जाणारे यात्रेकरू पुष्कळ. परंतु कोंकणच्या बाजूनें, खांडस गांवाहून, पायीं चढून जावें ही आमची फार दिवसांची इच्छा. श्रावणांत ती पुरी झाली. खांडसहून वाटा दोन: शिडी घाट जवळचा पण उभा, गणेश घाट लांबचा पण सोपा. आमच्या तरुण मंडळींचा आग्रह अर्थातच पहिल्या वाटेचा.

उजाडतांच निघून शिडीपाशीं पोंचलों, तों फुगलेला ओहोळ धबधब्यासारखा तिच्यावरूनच कोसळत होता. "एवढ्यानें काय होतें?" असें मुलें म्हणालीं. वाटाड्या शांतपणें उत्तरला, "पाणी उद्यां ओसरेल, शिडी कुठें पळून जात नाहीं." वडील बंधूंनीं सर्वांस परत फिरविलें. रुसवेफुगवे झाले, हें लपविण्यांत अर्थ नाहीं.

परंतु लांबच्या वाटेनेंच आम्हांस अरण्य दाखविलें. माथ्यावरील दाट झाडींत सारे थकून गप्प झाले, आणि त्या शांततेंत फांद्या हलल्या. तांबूस अंगाचें, झुपकेदार शेपटीचें शेकरूं या झाडावरून त्या झाडावर झेपावलें! हा प्राणी जमिनीवर क्वचितच उतरतो. फांदीस फांदी भिडलेली असेल तेथेंच त्याचा संसार. मधलें एक झाड पडलें, कीं त्याचा रस्ता तुटला. त्याच्या रक्षणासाठींच १९८५ सालीं येथील सुमारें १३१ चौरस किलोमीटर रान अभयारण्य ठरलें.

सकाळीं रुसलेला धाकटा देवळाच्या वाटेवर सर्वांस हळू बोलण्यास बजावीत होता. दर्शनापूर्वींच यात्रा सफळ झाली, असें आम्हांस वाटलें.