नाळ आणि रक्तनाळ

ऑपरेशन पार पडले, टाके घातले, की संकट टळले असा आपला सर्वसाधारण समज असतो. माझाही होता. २०२३ च्या दिवाळीनंतर बेळगावात बाबांच्या स्वादुपिंडावरची गाठ काढली. दहाव्या दिवशी पोटाला लावलेल्या नळीत थोडेसे रक्त दिसले. थोडेसेच! पण डॉक्टरांनी तातडीने सी. टी. स्कॅन करविला.

स्वादुपिंडाचा पाचक रस जोडातून झिरपला, की शेजारच्या धमनीची भिंत पोखरतो. तिथे फुगा येतो. तो फुटला तर वेळ हाती राहत नाही. आधी दिसणारे ते थोडे रक्त म्हणजे त्याची सूचना.

डॉक्टर कानडीत सांगत होते. आईचे माहेर चंदगडचे. तिची कानडी बाजारापुरती. ‘रक्तनाळ’ बंद करायची, हे ऐकून ती दचकली. कानडीत रक्तनाळ म्हणजे रक्तवाहिनी. आपल्याकडे नाळ म्हणजे आईला लेकराशी जोडणारी. मी अर्थ सांगितला, तरी तिचा प्रश्न उरलाच : “ती बंद केली, तर पुढे रक्त कसं जाणार रे?” सही तिलाच करायची होती.

मी तो प्रश्न कानडीत विचारला. डॉक्टर थांबले, खुर्ची ओढून बसले. ही धमनी यकृताकडे जाते खरी. पण आतड्यांकडून येणारी एक मोठी शीरही यकृताला रक्त पुरवते, जवळजवळ तीन-चतुर्थांश तिचेच. ती शीर बाबांची उत्तम चालू होती. आईने सही केली.

पोट पुन्हा उघडावे लागले नाही. जांघेत सुई, सुईतून तार, तारेवरून बारीक नळी. ही युक्ती स्वीडनच्या सेल्डिंगर यांनी १९५३ मध्ये प्रसिद्ध केली. अशा नळीतून धमनी बंद करून पोटातला रक्तस्राव थांबविण्याची पद्धत रोश, डॉटर व ब्राऊन यांनी १९७२ मध्ये मांडली. बाबांच्या धमनीत फुग्याच्या अलीकडे-पलीकडे धातूची बारीक वेटोळी बसविली. त्यांच्याभोवती रक्त गोठते आणि वाट बंद होते. बाबा जागेच होते. पुढचे कित्येक दिवस त्या नळीवर आमची नजर खिळलेली असे. रक्त पुन्हा दिसले नाही.

मी मराठी शाळेत शिकलो. कानडी शिकलो ती गल्लीत, गोट्या खेळताना. त्या दुपारी कॉमर्सचे एकही पुस्तक माझ्या उपयोगी पडले नाही. गल्लीतली ती कानडी मात्र पडली.