कोमल आणि शुद्ध गंधाराच्या मधे

रॉक वाजवणारा गिटारवादक ब्लूजकडे वळतो तेव्हा त्याला नवे असे फार थोडे शिकावे लागते. पाच सुरांची मायनर पेंटाटॉनिक त्याच्या बोटांत आधीच बसलेली असते आणि गिटारही बहुधा तीच चालते. अडते ते दुसरीकडे. सूर नेमका कुठे लावायचा, किती धरायचा आणि हात कधी उचलायचा, याची सवय रॉकमध्ये लागलेली नसते.

हे वळण घेणाऱ्यांत ठळक नाव गॅरी मूरचे. थिन लिझी आणि नंतरच्या हार्ड रॉकमधून नाव कमावलेल्या या बेलफास्टच्या वादकाने १९९० मध्ये ‘स्टिल गॉट द ब्लूज’ हा अल्बम काढला. अल्बर्ट किंग आणि अल्बर्ट कॉलिन्स हे ब्लूजमधले बुजुर्ग त्यात पाहुणे म्हणून वाजले. गंमत म्हणजे अल्बमचे शीर्षकगीत ब्लूजच्या ठरलेल्या बारा बारच्या साच्यात नाहीच. मुंबईत ‘झीरो’ या रॉक बँडमधल्या वॉरन मेंडोन्साने ‘ब्लॅकस्ट्रॅटब्लूज’ या नावाने २००७ मध्ये ‘नाइट्स इन शायनिंग कर्मा’ काढला. कर्मठ श्रोता त्याला ब्लूज म्हणणार नाही, पण एकेक सूर तोलून लावणारा हात त्याच परंपरेतला आहे. २०११ मध्ये वांद्र्याच्या मेहबूब स्टुडिओत महिंद्रा ब्लूज फेस्टिव्हल सुरू झाला आणि पहिल्याच वर्षी बडी गाय येऊन गेला. भर कार्यक्रमात आवाज कुजबुजीइतका खाली आणून श्रोत्यांना कान द्यायला लावणे ही त्याची जुनी खोड. रॉकवाल्याने ती प्रत्यक्ष पाहावी अशीच आहे.

खरी मेहनत गंधाराची. ए हा षड्ज धरला तर पाचव्या पडद्यावर तिसऱ्या तारेत सी मिळतो, म्हणजे कोमल गंधार. मागे वाजणाऱ्या ए कॉर्डमध्ये मात्र सी शार्प, म्हणजे शुद्ध गंधार असतो. ब्लूजचा सूर या दोहोंच्या मधे राहतो. तर्जनीने तार जमिनीच्या दिशेने किंचित ओढायची. कोमल सोडायचा, पण शुद्धापर्यंत पोचायचे नाही. रॉकमध्ये हात बसलेला असतो तो पूर्ण स्वराच्या बेंडवर: सातव्या पडद्यावर अनामिकेने, मागे दोन बोटांचा टेकू देऊन, मध्यमावरून थेट पंचमावर. तो जोराचा खेळ आहे, तर्जनीचा हा बेंड कानाचा. रियाझासाठी फक्त ए कॉर्ड वाजत ठेवून हा एकच सूर लावत बसावे. मींड ऐकत वाढलेल्या मराठी कानाला ही जागा लवकर सापडते. मायनर पेंटाटॉनिकचे स्वर धानी रागाचेच आहेत, हेही त्याच्या पथ्यावर पडते. मात्र तेवढ्यावर विसंबून कोणी आलापी करू लागला, तर ब्लूज हातचा जातो.

कारण ब्लूजची चौकट पक्की आहे. बारा बार, प्रत्येकी चार मात्रा, एकूण अठ्ठेचाळीस. पहिले चार बार ए, मग दोन डी, पुन्हा दोन ए, नंतर ई आणि डी एकेक, आणि शेवटचे दोन बार ए वरून ई कडे वळून नव्या आवर्तनाला सोडणारे. गायक साधारण दोन बार गातो आणि पुढचे दोन गिटारला देतो. पहिली ओळ बहुधा दुसऱ्यांदा येते आणि तिसरी तिला उत्तर देते. ही देवघेव अमेरिकेच्या दक्षिणेतल्या कापसाच्या शेतांवर, कामकऱ्यांच्या हाकांमध्ये घडली. शेवगावच्या कापूसपट्ट्यातल्या वाचकाला ती परकी वाटू नये. शेजारच्या पैठणच्या नाथांचे भारूड रंगते तेही पुढच्याने म्हणायचे आणि मागच्यांनी झेलायचे, अशाच रीतीने. झेलणारा मधेच बोलू लागला तर भारूड मोडते. रॉकमधून आलेला वादक नेमके हेच करतो: गायकाच्या ओळीवर वाजवतो.

आवाजाचे काम त्या मानाने सोपे. अँपचा गेन उतरवायचा आणि गिटारची व्हॉल्यूमची कळ हाताशी ठेवायची. गेन जास्त असला की हळू आणि जोरात छेडलेल्या सुरांतला फरक पुसला जातो, आणि ब्लूजचा सगळा बोलका भाग त्या फरकातच असतो. पॅडलांच्या खरेदीत पैसे घालवण्यापेक्षा नख्खी कुठे आणि किती जोराने लागते हे पाहणे फायद्याचे.

सर्वांत उशिरा येते ती लय. शफलमध्ये प्रत्येक मात्रेचे तीन भाग पडतात. पहिला सूर दोन भागांचा, दुसरा एका भागाचा. रॉकच्या सरळ आठ ठोक्यांची सवय झालेला उजवा हात हे तीन भाग नकळत दोनावर आणतो, आणि मग शफल लंगडते. यावर सोलोचा उपयोग नाही. ड्रमर आणि बासवाल्याबरोबर मंद लयीत नुसते कॉर्ड वाजवावेत, आवर्तनामागून आवर्तन, दुसऱ्याच्या सोलोमागे. जॅमला बसले की तसेही पाच जणांत चार वेळा हेच काम वाट्याला येते.