रिकामं पातेलं चुलीवर ठेवू नको!

साठ-सत्तरच्या दशकात वाढलेल्या आम्हा मुलांना कुठलं भांडं कशाला, हे फडताळातून भांडी काढून देता देताच कळत गेलं. ताकासाठी पितळी पातेलं उचललं की आजी आधी आत बघायला लावायची. कल्हई उडून पिवळं दिसतंय? मग त्यात ताक नाही, आमसुलाचं सार नाही, आंबट कळकतं. लोणचं चिनी मातीच्या बरणीतच, कारण तिच्या झिलईला मीठ खात नाही की आंबट. चक्का बांधायला धुऊन धुऊन मऊ झालेला पंचा. नव्या कापडाला खळ असते, पाणी नीट निथळत नाही. माठ जुना झाला, त्याची छिद्रं क्षारांनी बुजली, की पाणी बाहेर पाझरून सुकेना आणि गारही होईना. मग त्यात धान्य.

एक दटावणी मात्र सगळ्या घरांत सारखी होती: कल्हईचं पातेलं रिकामं चुलीवर ठेवायचं नाही. का, ते कल्हईवाल्यापाशी कळलं. अंगणात खड्डा करून तो भाता लावायचा, आणि भाता मारायला आमची भांडणं. पातेलं तापलं की नवसागराची चिमूट. नाकात झोंबणारा पांढरा धूर उठायचा आणि धातूवरची काजळी सुटायची. मग कथलाची कांडी नुसती टेकवली तरी ती पाघळायची. कापसाच्या बोळ्याने दोन फेरे मारले की पिवळं पातेलं आतून चांदीसारखं. कथील 232 अंशांना वितळतं, पितळेला नऊशेच्या आसपास जावं लागतं, हे आकडे पुढे पुस्तकात भेटले. पण भांड्यात पाणी असेपर्यंतच कल्हई शाबूत, हे अंगणातच पटलं होतं. मुलांना आकड्यांआधी असं काही बघायला मिळावं, असं मला मनापासून वाटतं.

पुढे स्टील आलं. आंबटाला दाद न देणारं, घासायला हलकं, कल्हईचा खर्च नाही. आयांनी ते हौसेनं घेतलं, आणि त्यांचं बरोबरच होतं. दोन पितळी पातेली तेवढी आजीनं मोडीत जाऊ दिली नाहीत. स्टीलमध्ये आच पसरत नाही, जाळ लागतो तिथेच दूध करपतं, हे तिनं पहिल्याच खिरीला ओळखलं होतं.