वर्षाच्या लेकराला घेऊन शिवाजी पार्कात

हल्ली मोठ्या शहरांतली माणसे पवना धरणाच्या काठी किंवा भंडारदऱ्याला पैसे भरून तंबूत झोपायला जातात. मोबाईलवर त्यांचे फोटो येतात. लेकराला पहिल्यांदा तंबूत नेताना काय काय घ्यावे, याच्या याद्याही येतात. भगिनींनो, आपल्या घरांत मंडपाखाली, उघड्या मैदानावर रात्र काढणे नवे नाही. पाच डिसेंबरची रात्र आपल्यातली लाखो माणसे तशीच काढतात, तीही कडेवर लेकरे घेऊन. पण त्या लेकरांसाठी काय न्यावे आणि काय जपावे, हे आपल्यात कोणी लिहून ठेवलेले फारसे दिसत नाही. म्हणून आमच्या घरचा अनुभव लिहिते आहे.

गोष्ट २०२३ सालची. माझे लग्न २०२० साली झाले. त्या वर्षी आणि पुढच्या वर्षी कोरोनामुळे घरूनच अभिवादन करा असे आवाहन होते. २०२२ साली छकुली नुकती जन्मली होती. म्हणजे सासरी आल्यापासून मला चैत्यभूमीचे दर्शन नव्हते. माहेरी असताना वडिलांबरोबर मी अनेकदा गेले होते, त्यामुळे नोव्हेंबर लागला की जीव तिकडे ओढ घेई. छकुली तेरा महिन्यांची झाली होती. अंगावर पीत होती, म्हणून तिला ठेवून जाणे शक्य नव्हते. मिस्टर मोंढ्यात हमाली करतात. सोयाबीन-कापसाचा हंगाम ऐन भरात असतो, तीन दिवस खाडा म्हणजे तीन दिवसांची मजुरी गेली. तरी ते तयार होते.

नाही म्हणाल्या त्या आत्याबाई, माझ्या सासूबाई. एरवी एक साल न चुकवणारी बाई. गुडघे धरले तरी दादर स्टेशनपासून पायी चालत जाणारी. त्या म्हणाल्या, "लेकराला उघड्यावर न्यायचं न्हाई. तुमी जायलेत तर जा, लेकरू माझ्यापाशी ठिवा." म्हटले, "आत्याबाई, ती अंगावर पिते, कशी राहील?" तर म्हणाल्या, "मंग कुनीच जायचं न्हाई. म्याबी जात न्हाई."

दोन दिवस घरात कोणी नीट बोलले नाही. तिसऱ्या दिवशी मी शिलाई मशीनवर बसले होते, त्या शेजारी येऊन दोरा गुंडाळत बसल्या आणि आपणहून बोलल्या. माझ्या मिस्टरांच्या आधी त्यांना एक मुलगा झाला होता. १९८५ साली मुकादमाची उचल घेऊन नवराबायको ऊसतोडीला गेले होते. उसाच्या पाचटाची कोपी, त्यात संसार. लेकरू तेरा महिन्यांचे. त्याला हगवण लागली. टोळीतल्या जाणत्या बाया म्हणाल्या, पाणी पाजू नको, जेवढे पाजशील तेवढे खालून जाईल. पाणी तोडले. दोन दिवसांत लेकरू गेले. तिसऱ्या दिवशी कोयता हातात घ्यावा लागला, कारण उचल फिटायची होती. आत्याबाई म्हणाल्या, "शेवटी जीभ बाहेर काढून पानी मागत होतं. म्या दिलं न्हाई."

ही गोष्ट माझ्या मिस्टरांनाही नीट माहीत नव्हती. मी काही बोलू शकले नाही. पण मनात आले, आत्याबाईंची भीती मैदानाची नाही, तेरा महिन्यांच्या लेकराची आहे. आणि ती घरात बसून जाणारी नाही.

दुसऱ्या दिवशी वस्तीतल्या आशाताईंना घरी बोलावले. त्यांनी आधी छकुलीचे लसीचे कार्ड पाहिले. नवव्या महिन्याची गोवर-रुबेलाची लस झालेली होती. वजन मापात होते. मग त्या आत्याबाईंकडे वळून म्हणाल्या, "मावशी, आता हगवण लागली तर पाणी तोडत नाहीत, उलट जास्त पाजतात. हगवणीने लेकरू मरत नाही, अंगातलं पाणी आणि मीठ गेल्याने मरतं." त्यांनी ओआरएसच्या पुड्या आणि झिंकच्या गोळ्या दिल्या. दोन्ही सरकारी आरोग्य केंद्रात फुकट मिळतात. मोठी पुडी असेल तर अख्खी एक लिटर स्वच्छ पाण्यात घालायची, अर्धी-मुर्धी नाही. केलेले पाणी चोवीस तासांनंतर फेकून द्यायचे. पुडी नसेलच तर एक लिटर पाण्यात सहा सपाट छोटे चमचे साखर आणि अर्धा सपाट छोटा चमचा मीठ. मीठ जास्त झाले तर अपाय होतो, म्हणून चमचा बोटाने सपाट करून घ्यायचा. आत्याबाईंनी तो हिशेब तीनदा म्हणवून घेतला. त्यांना लिहिता-वाचता येत नाही, पण एकदा डोक्यात बसले की जात नाही.

इथे एक सांगायला हवे. दुकानात गोड सरबताच्या डब्यांवर 'ओआरएस' असे छापलेले असे आणि आपल्या बाया तेच महागाचे विकत घेत. त्यात साखर भरमसाट, त्याने जुलाब वाढू शकतात. ऑक्टोबर २०२५ मध्ये केंद्राच्या अन्न सुरक्षा प्राधिकरणाने अशा पेयांवर ते नाव वापरायला बंदी केली. घेताना पुडीच घ्या.

आत्याबाई तयार झाल्या. एवढेच म्हणाल्या, "पुड्या माझ्या पिशवीत ऱ्हातील."

सामानाचे म्हणाल तर आम्ही फार काही नेले नाही. जुन्या सुती लुगड्याची डझनभर दुपटी, खराब झालेली ठेवायला वेगळी पिशवी, साबणाची वडी, एक वाकळ, एक पातळ चादर, छत्रीसारखी उघडणारी बाळाची मच्छरदाणी. तांदूळ आणि मुगाची डाळ भाजून केलेली भरड, स्टीलचा डबा, वाटी-चमचा. थर्मासमध्ये उकळलेले पाणी. फुटाणे आणि शेंगदाणे आपल्या शिदोरीत असतातच, पण ते छकुलीच्या हाताला लागणार नाहीत अशा पिशवीत ठेवले. पाच वर्षांच्या आतल्या लेकराच्या घशात अख्खा दाणा अडकला तर श्वास बंद होतो, आणि गर्दीच्या डब्यात कुणाला कळायच्या आत होऊन जाते. कपड्यांचे मात्र कोडे पडले. परभणीत डिसेंबरात थंडी अशी की कृषी विद्यापीठातले तापमान पेपरात छापून येते, आणि दादरला उतरले की घाम. स्वेटर-टोपी घातली ती गाडीपुरती. खाली सुती झबलेच ठेवले.

चार तारखेला संध्याकाळी गाडी धरली. परभणी ते मुंबई साडेपाचशे किलोमीटरच्या आसपास. मानवत रोड, सेलू, परतूर, जालना करत प्रत्येक स्टेशनावर निळे झेंडे घेतलेली माणसे चढत होती. पाच वर्षांच्या आतल्या लेकराला रेल्वेत तिकीट नाही, पण जागाही नाही. छकुली रात्रभर आळीपाळीने चौघांच्या मांडीवर होती. चौथी मांडी जालन्याला चढलेल्या एका अनोळखी आजीची. आमचा पाय दुखला तर त्या म्हणत, "द्या इकडं." मी पदर घेऊन पाजत होते तेव्हा समोरच्या बाकावरचे पुरुष न सांगता खिडकीकडे तोंड करून बसले. या एका बाबतीत आपली गाडी कुठल्याही मोठ्या वर्गाच्या डब्यापेक्षा बरी.

शिवाजी पार्कात महानगरपालिका दरवर्षी निवाऱ्याचे मंडप घालते, पाण्याचे नळ, फिरती शौचालये, दवाखान्याचे कक्ष असतात. अलीकडे लेकुरवाळ्यांसाठी हिरकणी कक्षही असतो. गेल्या गेल्या आधी दवाखान्याचा कक्ष आणि नळ कुठे आहे ते पाहून ठेवावे, मग वाकळ टाकावी. शौचालयाच्या फार जवळ नको आणि फार लांबही नको. आत्याबाईंनी जागा निवडली ती मंडपाच्या मधली, वाटेवरची नाही. रात्री लोक वाटेने चालत राहतात, अंधारात लेकरावर पाय पडायला नको. मिस्टरांनी मंडपाच्या बांबूला लुगड्याची झोळी बांधायला घेतली, तर एका स्वयंसेवकाने हात जोडून थांबवले. बांबू मंडपाचा भार पेलण्यासाठी असतो, झोळीच्या हिसक्याने सैल होतो. त्याचे म्हणणे बरोबर होते. मैदानाची तांबडी धूळ मात्र कुणाच्या हातची नाही. ओले फडके करून छकुलीचे नाक-तोंड पुसत राहावे लागले.

संध्याकाळी ती मजेत होती. निळ्या फुग्यामागे रांगली, शेजारच्या वाशिमच्या कुटुंबातल्या पोरांनी तिला उचलून फिरवली. रात्री दहाच्या सुमारास पहिल्यांदा पातळ झाले. मग अर्ध्या तासात दुसऱ्यांदा. बारापर्यंत पाच वेळा. अंग कोमट लागत होते. मिस्टरांचा चेहरा उतरला. मी आत्याबाईंकडे पाहायचे टाळत होते.

पण त्या उठल्या होत्या. एक लिटरची बाटली मोजून त्यांनी पुडी फोडली आणि अख्खी पाण्यात रिकामी केली. मला म्हणाल्या, "तू आदी अंगावर घे, मंग माझ्याकडं दे." आम्ही तिघे दवाखान्याच्या कक्षात गेलो. तिथल्या डॉक्टर बाईंनी पोटाची कातडी चिमटीत धरून सोडली, ती लगेच जागेवर गेली. डोळे आत गेले नव्हते, रडताना पाणी येत होते, लघवी झाली होती. म्हणाल्या, "घाबरू नका, चालू केलंय तेच करा. दर एक-दोन मिनिटांनी एक चमचा. उलटी झाली तर दहा मिनिटं थांबून पुन्हा सावकाश. प्रत्येक जुलाबानंतर अर्ध्या कपाच्या आसपास पोटात गेलं पाहिजे. दूध तोडू नका. झिंकची गोळी चमचाभर पाण्यात विरघळवून रोज एक, चौदा दिवस, जुलाब थांबले तरी." शौचात रक्त दिसले, लेकरू पिईनासे झाले किंवा सुस्त पडले तर लगेच आणा, रुग्णवाहिका उभी आहे, असेही बजावले. मी दातांचे विचारले, कारण आमच्याकडे सगळे दातांवर ढकलतात. बाई म्हणाल्या, दातांनी हगवण लागत नाही. दात येताना लेकरू जे हाती लागेल ते तोंडात घालते, त्याने लागते.

रात्रभर आत्याबाई मांडी घालून बसल्या होत्या. एक चमचा, मग गप्प, मग एक चमचा. मी म्हटले, मी देते, तुम्ही पडा. ऐकले नाही. मंडपातले दिवे चालूच होते, लांबून भीमगीतांचा आवाज येत होता. तीनच्या सुमारास छकुलीने चमचा दाताने धरून ठेवला आणि सोडीना. आत्याबाई म्हणाल्या, "मागायलीय बघ." एवढे बोलून त्या कितीतरी वेळ रडल्या. मी त्यांच्या पाठीवर हात ठेवून बसले. त्यांना काय आठवत होते ते मला माहीत होते.

पहाटे जुलाब थांबले. छकुलीने भरडीची पातळ पेज चार चमचे खाल्ली.

घरी आल्यावर या पाण्याबद्दल मी चौकशी केली. १९७१ साली बांगलादेशाच्या युद्धात निर्वासितांचे लोंढे बंगालच्या सीमेवर आले, तेव्हा बनगावच्या छावणीत पटकीने माणसे मरत होती. सलाइन संपले. डॉ. दिलीप महालनबीस यांनी साखर-मिठाचे पाणी पिंपात कालवून आई-बापांच्या, भावा-बहिणींच्या हाती कप दिले आणि पाजायला सांगितले. शंभरात तीसजण मरत होते, ते चारांच्याही खाली आले. २०२२ साली ते वारले, त्यानंतर पद्मविभूषण मिळाले. म्हणजे तंबूतल्या लेकरांसाठीच हे औषध कामी आले. ते १९८५ साली आत्याबाईंच्या कोपीपर्यंत पोचले नव्हते, याला काय म्हणावे.

सहा तारखेला रांगेत उभे राहण्यावरून पुन्हा प्रश्न आला. रांग कित्येक तासांची असते. तिथे मी ठाम राहिले, रात्री आजारी असलेले लेकरू उन्हात रांगेत न्यायचे नाही. मिस्टर छकुलीजवळ मंडपात थांबले, मी आणि आत्याबाई रांगेत लागलो. दोनदा मी मधून येऊन पाजून गेले, रांगेतल्या बायांनी जागा धरून ठेवली. रांगेत आत्याबाईंना मी सांगत होते की बाबासाहेब आणि रमाई यांच्या पाच लेकरांतली चार लहानपणीच गेली, धाकटा राजरत्न १९२६ साली. वाचले ते एकटे यशवंतराव, आपले भय्यासाहेब. त्यांच्याच पुढाकाराने हा स्तूप उभा राहिला आणि ५ डिसेंबर १९७१ रोजी मीराताईंच्या हस्ते उद्घाटन झाले. आत्याबाईंना रमाईंचे माहीत होते. त्या म्हणाल्या, "रमाईनं चार काडली. म्या एक." आणि पुढे सरकल्या.

आमचे दर्शन झाल्यावर मिस्टर गेले. ते अर्ध्या रांगेतून परत आले, गाडीची वेळ झाली होती. येताना पुस्तकांच्या स्टॉलवरून छकुलीसाठी चित्रांचे पुस्तक आणले. ते तिने जालन्यापर्यंत चावून संपवले.

त्यानंतर आम्ही पुन्हा गेलो तेव्हा छकुली पळायला लागली होती. पोटाची धास्ती कमी झाली, हरवण्याची वाढली. चिठ्ठी खिशात ठेवली तर ती खाते किंवा फेकते. म्हणून मी फ्रॉकच्या आतल्या बाजूला निळ्या दोऱ्याने मोबाईल नंबर शिवला, दहा आकडे, एकाखाली एक. एरवी हरवले तर पोलिसांचा ११२ आणि मुलांसाठीचा १०९८ हे नंबर चालतात. आत्याबाई शेजारी बसून पाहत होत्या. शिवून झाल्यावर त्यांनी आपला झंपर माझ्यासमोर टाकला आणि म्हणाल्या, "हेच्यातबी शिव. त्या गर्दीत म्याबी हरवीन."