पांढऱ्या शिफॉनची महाराणी

बडोद्याला दांडिया बाजारात आमची आत्या राहायची. दिवाळीत तिच्याकडे गेलो की फराळ उरकायच्या आत राजवाड्याच्या गोष्टी सुरू व्हायच्या आणि त्यांत तिची सगळ्यांत लाडकी गोष्ट इंदिराराजेंची. बडोद्याचे महाराज सयाजीराव आणि चिमणाबाईसाहेब यांची ही एकुलती एक लेक. लग्न ठरले होते ग्वाल्हेरच्या माधवराव शिंद्यांशी. ते वयाने सोळा वर्षांनी मोठे, घरात पहिली राणी. १९११च्या दिल्ली दरबारात कूचबिहारचे राजपुत्र जितेंद्र नारायण भेटले आणि या मुलीने परस्पर शिंद्यांनाच पत्र लिहून लग्नाला नकार कळवला! आईवडिलांना कळले ते ग्वाल्हेरची तार हातात पडली तेव्हा. इथवर आले की आत्याचा आवाज चढायचा. दरवर्षी.

१९१३मध्ये लंडनला लग्न झाले. माहेरचे आईवडील गेले नाहीत.

मग ती लंडन-पॅरिसच्या बड्या मंडळींत वावरू लागली. तिच्या मेजवानीचे आमंत्रण येणे हा मान समजत. फ्लॉरेन्सच्या फेरागामोकडे तिने शंभर जोडे करायला टाकले. त्यांतल्या काहींवर जडवायला हिरे-मोती तिने स्वतःच पाठवले होते. जुगाराच्या टेबलावर ती नशीब उजळावे म्हणून एक जिवंत कासव घेऊन बसे, त्याच्या पाठीवर पाचू, हिरे, माणके जडवलेली. आम्हा पोरांना या कासवाचे भारी अप्रूप वाटे.

मला मात्र आज आठवते ती वैधव्यातली इंदिराराजे. १९२२च्या डिसेंबरात नवरा गेला. ती तिशीची, पदरात पाच मुले, थोरला मुलगा सात वर्षांचा. त्याच्या नावाने कूचबिहारचा कारभार तिने १९३६पर्यंत चालवला. तो काळ आपल्याकडे कसा होता? आमच्याच घरातल्या एका विधवा पणजीने सारा जन्म लाल आलवणात, डोक्यावरचा पदर ढळू न देता, माजघरात काढला. त्याच वर्षांत बडोद्याची ही लेक फ्रेंच शिफॉनची पांढरी साडी नेसून चारचौघांत ताठ मानेने बसत होती. पांढरे नेसली, पण कोपऱ्यात गेली नाही. शिफॉनची साडी हिंदुस्थानात रुळवली ती तिने.

अशा बायकांना नटव्या, उधळ्या म्हणून मोडीत काढायची आपल्याला सवय आहे. रयतेच्या पैशाचा प्रश्न खराच आहे, तो विचारायलाच हवा. पण ज्या जगात बाईला नुसते मिरवायला ठेवत, तिथे स्वतःचा नवरा, स्वतःचा वेष आणि स्वतःची माणसे तिने स्वतः निवडली. तिची लेक गायत्रीदेवी १९६२मध्ये जयपूरहून विक्रमी मतांनी लोकसभेवर गेल्या, त्यामागे हे आईचे वळण होते असे मला मनापासून वाटते.

१९६८मध्ये इंदिराराजे मुंबईत वारल्या. गायत्रीदेवींच्या आत्मकथनात त्यांच्यावर पानेच्या पाने आहेत. मराठीत मात्र फार थोडे लिहिले गेले. बडोद्याच्या मराठी घरांत आमच्या आत्यासारख्या कुणी अजून असतील, तर त्यांना या दिवाळीत बोलते करा आणि ते लिहून ठेवा.