टाकीचे वजन

आपल्या शाळेच्या वार्तापत्रात सहली, स्नेहसंमेलन, निकाल, देणगीदारांची नावे हे सारे आम्ही आवडीने वाचतो. या वेळी आम्ही उभयतांनी लिहायला विषय घेतला आहे तो स्वयंपाकाच्या गॅसचा. विषय घरगुती वाटेल, पण त्यात गणित आहे, विज्ञान आहे, नागरिकशास्त्र आहे आणि गरिबाघरची ओढाताणही आहे.

आम्ही मूळचे खानापूर तालुक्यातले. मुलांच्या शिक्षणासाठी बेळगावात राहतो. गावच्या घरी आई, दादा-वहिनी आणि त्यांची दोन मुले आहेत. रान जवळ असल्यामुळे जळणाला पैसा पडत नाही. पडतो तो वेळ, आणि पावसाळ्यात ओल्या लाकडांचा धूर. स्वयंपाकघराची भिंत काळी, आईंचे डोळे लाल आणि धाकट्याला खोकला, हे आम्ही वर्षानुवर्षे पाहत आलो.

१ मे २०१६ रोजी उत्तर प्रदेशातील बलिया येथे उज्ज्वला योजना सुरू झाली. गरीब घरातील स्त्रीच्या नावे अनामत रकमेशिवाय गॅसजोडणी, आणि त्यासाठी सरकारकडून १६०० रुपये, असे तिचे स्वरूप होते. २०१७ साली वहिनींच्या नावे टाकी आली तेव्हा आईंनी तिला हळदकुंकू वाहिले. शेगडी आणि पहिली टाकी मात्र बहुतेकांप्रमाणे आम्हीही कर्जाने घेतली. हे कर्ज पुढच्या सबसिडीतून वळते होत असे. म्हणजे ज्यांना सवलतीची सर्वांत जास्त गरज, त्यांनाच सुरुवातीच्या टाक्या पूर्ण किमतीत घ्याव्या लागल्या. एप्रिल २०१८ पासून ही वसुली सहा टाक्यांपुरती पुढे ढकलण्यात आली.

जोडणी मिळणे वेगळे आणि टाकी पुन्हा भरून आणणे वेगळे. नियंत्रक व महालेखापरीक्षकांनी २०१९ साली या योजनेची तपासणी केली. ३१ डिसेंबर २०१८ च्या आकड्यांनुसार उज्ज्वलाचे ग्राहक वर्षाला सरासरी ३.२१ टाक्याच घेत होते. आमच्या घरीही तेच. चहा आणि पाहुण्यांचा स्वयंपाक गॅसवर, भाकरी आणि अंघोळीचे पाणी चुलीवर!

याचे कारण दरात आहे. आपल्या देशाला लागणारा निम्म्याहून अधिक गॅस बाहेरून येतो. सौदी अरेबियाची अरामको कंपनी दर महिन्याला प्रोपेन आणि ब्युटेनचे दर जाहीर करते आणि आपल्याकडचा हिशेब तिथून सुरू होतो. २०२३ च्या जानेवारीत आमच्या गावी टाकी हजार रुपयांच्या वर होती. रोजगार हमीची कर्नाटकातली मजुरी तेव्हा दिवसाला ३०९ रुपये. म्हणजे एका टाकीला तीन दिवसांहून अधिक राबणे आले. उज्ज्वलासाठी मे २०२२ पासून टाकीमागे २०० रुपये आणि ऑक्टोबर २०२३ पासून ३०० रुपये सबसिडी झाली, हे खरे. पण ती मागाहून बँकेत जमा होते. दारात गाडी उभी असताना पूर्ण रक्कम हातात हवी. शहरात महिन्याचा पगार असणाऱ्याला हा फरक कळत नाही. रोजंदारीच्या घरात मात्र टाकी चुकते ती इथेच.

अशा कष्टाच्या पैशाची टाकी तरी पुरी भरलेली असावी की नाही? त्याच जानेवारीत आम्ही गावी जाताना ताणकाटा नेला. घरगुती टाकीत १४.२ किलो गॅस असतो आणि रिकाम्या टाकीचे वजन तिच्यावरच लिहिलेले असते. आमच्या टाकीवर १५.६ होते. म्हणजे भरलेली टाकी २९.८ किलो भरायला हवी. काटा २८ वर थांबला. १ किलो ८०० ग्रॅम गॅस कमी! हजार रुपयांच्या हिशेबानेही सव्वाशे रुपये गेले. शिवाय गाडीवाला वर पन्नास रुपये मागतच होता.

आम्ही लगेच तक्रारीचा फोन करायला निघालो, तेव्हा वहिनींनी हात धरला. "भावोजी, तुम्ही उद्या बेळगावला जाल. गाडी आमच्या दारात यायची आहे. तिने वाडी सोडली तर टाकी डोक्यावरून आणायची कुणी?"

या प्रश्नाला आमच्याकडे उत्तर नव्हते. देखरेखीची व्यवस्था कागदावर आहे. २००० सालचा गॅस पुरवठा व वितरण आदेश आहे, तेल कंपन्यांचे अधिकारी आहेत, अन्न व नागरी पुरवठा खाते आहे, वैधमापन खाते आहे. पण यांपैकी कुणीही तक्रार आल्याशिवाय वाडीवर फिरकत नाही, आणि तक्रार करणाऱ्या बाईला पुरवठादार मात्र एकच असतो. तिने बोलावे कसे?

वाट वहिनींनीच काढली. त्यांच्या बचत गटात चौदा बायका. पुढच्या खेपेला सगळ्या एकदमच रिकाम्या टाक्या घेऊन उभ्या राहिल्या आणि एकेक टाकी वजन करूनच घेतली. दोन टाक्या परत पाठवल्या. तक्रार गेली ती चौदा सह्यांची. एक खेप गाडी खरोखरच आली नाही. तेवढे दिवस चूल पेटली. त्यानंतर मात्र गाडी आली ती काटा घेऊन. वरचे पन्नास रुपये अजून पुरते थांबलेले नाहीत, पण मागणाऱ्याचा आवाज उतरला आहे.

विद्यार्थी मित्रहो, सुट्टीत आजोळी जाल तेव्हा एवढे कराच. टाकी मोजून घ्या. घरपोच देताना वजन करून मागणे हा ग्राहकाचा हक्क आहे. पावतीवरच्या रकमेपेक्षा जास्त देऊ नका. टाकीच्या पट्टीवर अ, ब, क, ड या अर्थाची इंग्रजी अक्षरे आणि वर्ष असते. ए म्हणजे जानेवारी ते मार्च, बी म्हणजे एप्रिल ते जून, या क्रमाने ती तपासणीची मुदत वाचा. मोबाइलवरचा संकेतांक टाकी हातात आल्यावरच सांगा. गॅसचा वास आला तर १९०६ आणि तक्रार असेल तर १८००-२३३३-५५५ हे क्रमांक चुलीमागच्या भिंतीवर मोठ्या अक्षरांत लिहून ठेवा.

पालक आणि विश्वस्त मंडळींना एकच विनंती. शाळेच्या प्रयोगशाळेतला एखादा ताणकाटा गावाकडून येणाऱ्या मुलांना सुट्टीपुरता न्यायला मिळावा. वजाबाकी ती वर्गात शिकलेलीच आहेत. तिचा उपयोग आता आजीच्या स्वयंपाकघरात होऊ दे.