एका नावाचे अनेक गंध

बालाघाटच्या डोंगररांगेवर वसलेल्या तुळजापूरच्या परिसरात पावसाळा सरत आला, की बांधांवर आणि मुरमाड माळावर रानतुळशीला मंजिऱ्या धरतात. तिचे पान चुरगाळले, की पानावरच्या सूक्ष्म ग्रंथी फुटून त्यांतले उडनशील तेल, म्हणजे हवेत सहज विरून जाणारे सुगंधी द्रव्य, मोकळे होते. ठिकठिकाणच्या रानतुळशींची तेले तपासली असता त्यांतले प्रमुख द्रव्य सर्वत्र एक नसल्याचे आढळले आहे. कुठे लिंबाच्या वासाचे सिट्राल, कुठे कापूर, तर कुठे दालचिनीची आठवण करून देणारे मिथिल सिनामेट. पान, फूल आणि बी यांवरून एकच ठरलेल्या जातीतल्या अशा वेगवेगळ्या तेलांच्या वाणांना रासायनिक प्ररूप म्हणतात. सिट्राल आणि कापूर यांची घडण दहा कार्बन अणूंच्या एकाच पूर्वद्रव्यापासून सुरू होते, आणि पुढे झाडाजवळ कोणते विकर, म्हणजे रासायनिक क्रिया घडवणारे प्रथिन, आहे त्यावरून वाटा फुटतात. ऊन, पाऊस आणि माती यांनी तेल कमीजास्त होते, पण वाट बहुतांशी बियाण्यातच ठरलेली असते.

या भेदाचे मोल प्रयोगशाळेच्या आधी बाजाराला कळले होते. खानदेशच्या डोंगरांत तिखाडी किंवा रोशा नावाच्या गवताचे तेल नाल्याकाठच्या भट्ट्यांवर काढले जाई, मुंबई बंदरातून तांबड्या समुद्रामार्गे ते तुर्कस्तानापर्यंत पोचे, आणि तिथे गुलाबाच्या अत्तरात मिसळले जाई, कारण गुलाबातले जिरॅनिऑल या तेलात ७५ ते ९० टक्क्यांपर्यंत भरते. हा मान मात्र उघड्या, निचऱ्याच्या उतारांवर वाढणाऱ्या ‘मोतिया’ प्रकाराचा; सखल, ओलसर जागी दाटीने वाढणाऱ्या ‘सोफिया’त जिरॅनिऑल बरेच कमी असते आणि त्याचा वास उग्र येतो. दोन्ही गवते दिसायला इतकी सारखी, की डोळा फसतो, नाक फसत नाही. दुसऱ्याच्या नावाने विकल्या गेलेल्या या गवताला स्वतःच्या नावाने मान मिळायला हवा होता.

रानतुळस दुर्मीळ नाही, आणि तिच्याविषयीची काळजी नेमकी तिथून सुरू होते. तणनाशकाने एखादा बांध जळाला तरी जातींच्या यादीतून काहीच वजा होत नाही, पण त्या बांधापुरता उरलेला एखादा गंध कायमचा जाऊ शकतो. वनस्पतिसंग्रहात ठेवलेल्या फांदीच्या चिठ्ठीवर ठिकाण आणि तारखेबरोबर वासाचीही एक ओळ असावी, कारण वाळत्या पानांतून तेल उडून जाते. कोजागरीसाठी सोलापूरहून पायी निघालेले भाविक तुळजापूरचा घाट चढतात, तेव्हा याच मंजिऱ्यांत पुढच्या वर्षीचे बी भरत असते.